जुन्या नमुन्यांचे फोटो काढून वस्तू टाकून द्याव्यात का?

विचारलेला प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. एका महाविद्यालयाच्या विज्ञान विभागात कपाटं भरून जुने नमुने पडून आहेत: कापूस भरलेल्या पक्ष्यांची कातडी, बरण्यांतले बेडूक आणि साप, टाचलेली फुलपाखरं, कागदावर चिकटवलेल्या वाळक्या वनस्पती, खडक, जीवाश्म, थोडी जुनी पितळी उपकरणं. जागेची चणचण आहे. तेव्हा सगळ्याचे उत्तम फोटो काढले, यादी संगणकावर घेतली आणि मूळ वस्तू काढून टाकल्या, तर संशोधनाचं काय बिघडणार आहे? आणि एकाच जातीचे चाळीस उंदीर ठेवण्यात काय अर्थ आहे? एक-दोन पुरत नाहीत का?

संशोधन-संग्रह सांभाळण्याचंच काम करत आल्यामुळे हा प्रश्न मला नवा नाही, आणि तो विचारणाऱ्याला मी मूर्खातही काढत नाही. जागेला भाडं पडतं, कपाटांना देखभाल लागते आणि वर्षानुवर्षं कुणी खण उघडलेला नसतो. माझं उत्तर असं: फोटो काढा, यादीही करा, पण त्या जोरावर वस्तू टाकू नका. मात्र कपाटातलं सगळंच जपण्यासारखं असतं असंही नाही. काय ठेवायचं हे वस्तूच्या देखणेपणावर किंवा दुर्मिळतेवर ठरत नाही. ती कुठून, कधी आणि कुणी आणली हे तिच्यासोबत लिहिलेलं आहे की नाही, यावर ठरतं.

फोटो का पुरत नाही, ते एका उदाहरणाने नीट कळतं. १९५०-६०च्या दशकांत ब्रिटनमध्ये बहिरी ससाण्यांची संख्या झपाट्याने घटत होती आणि घरट्यांत फुटलेली अंडी सापडत होती. डेरेक रॅटक्लिफ या शास्त्रज्ञाला शंका आली की कवचच पातळ झालं असावं. पण पूर्वी ते किती जाड होतं हे कसं कळणार? मदतीला आली ती हौशी लोकांनी एकोणिसाव्या शतकापासून जमवलेली अंडी. ही मंडळी शास्त्रज्ञ नव्हती. रंग आणि ठिपके बघून, चढाओढीने अंडी जमवायची, बारीक भोक पाडून आतला बलक फुंकून काढायचा आणि कवच कापसात ठेवायचं, एवढाच त्यांचा नाद. अंडं न फोडता जाडी मोजणं अवघड, म्हणून रॅटक्लिफने सोपी युक्ती काढली. रिकाम्या कवचाचं वजन घ्यायचं आणि त्याला लांबी-रुंदीच्या गुणाकाराने भागायचं. अंडं तेवढंच मोठं आणि वजन मात्र कमी, म्हणजे कवच पातळ. हे आकडे वर्षवार मांडल्यावर दिसलं की दशकानुदशकं जवळजवळ सपाट चाललेली रेघ १९४७च्या सुमारास एकदम खाली येते, जवळपास पाचव्या हिश्शाने. दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटी हे कीटकनाशक शेतांत सर्रास फवारलं जाऊ लागलं, तोच हा काळ. १९६७ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, अमेरिकेतल्या संग्रहांतूनही तसंच चित्र निघालं आणि १९७२ मध्ये अमेरिकेने डीडीटीच्या शेतीतल्या वापरावर बंदी घातली.

आता समजा, १९३० मध्ये कुणी ‘आधुनिक’ विचार करून त्या अंड्यांचे उत्तम फोटो काढले असते आणि अंडी फेकली असती. रंग उरला असता, आकार उरला असता, मोजपट्टी शेजारी ठेवली असेल तर लांबी-रुंदीही उरली असती. वजन मात्र गेलं असतं, आणि नेमकं तेच लागणार होतं. फोटो काढणारा त्याला महत्त्वाचं वाटतं तेच टिपतो. पुढच्या माणसाला काय महत्त्वाचं वाटेल, हे त्याला ठाऊक असायची सोयच नसते.

चाळीस उंदरांचं उत्तरही यातच आहे. एका अंड्यावरून काहीच सिद्ध झालं नसतं. एखादी मादी मुळातच पातळ कवचाची अंडी घालणारी असू शकते. निरनिराळ्या वर्षांची, निरनिराळ्या ठिकाणची, भरपूर अंडी होती म्हणून ती रेघ काढता आली. प्रदर्शनात एक वाघ पुरतो; संशोधनाला मालिका लागते. नर, मादी, पिल्लू, उन्हाळ्यातला, हिवाळ्यातला, डोंगरावरचा, सखल भागातला, पन्नास वर्षांपूर्वीचा आणि आजचा, असा एकेक. ‘हे तर सगळे सारखेच’ असं म्हणत एखाद्याने खणातून दोन ठेवून बाकीचे बाहेर काढले, की माझ्या पोटात गोळा येतो, कारण ते सारखे आहेत की नाहीत हे तपासायची सोयच त्याने काढून घेतलेली असते.

उंदरांचंच घ्यायचं तर १९९३चं वर्ष आठवा. अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात धडधाकट तरुण माणसं फुप्फुसात पाणी भरून काही दिवसांत दगावू लागली. कारण निघालं उंदरांतून येणारा एक हंताविषाणू. हा नवाच उपटला की आधीपासून होता? न्यू मेक्सिको विद्यापीठाच्या संग्रहालयात आधीच्या वर्षांतल्या उंदरांच्या ऊतींचे गोठवलेले तुकडे होते. ते जमवले होते भलत्याच कामासाठी, उंदरांचं वर्गीकरण आणि आनुवंशिकी अभ्यासायला. त्यांत विषाणूच्या खुणा मिळाल्या. म्हणजे विषाणू जुनाच होता. त्या मोसमात चांगल्या पावसाने उंदीर बेसुमार वाढले आणि माणसांशी त्यांचा संबंध वाढला. भीतीचं वातावरण असताना एवढं खात्रीने सांगता येणं ही लहान गोष्ट नव्हे.

अशी उदाहरणं हवी तेवढी आहेत, भराभर सांगतो. १९१८च्या फ्लूचा विषाणू ओळखला गेला तो अमेरिकेच्या लष्करी रोगनिदान संस्थेत मेणात बसवून ठेवलेल्या, त्या साथीत मेलेल्या सैनिकांच्या फुप्फुसांच्या तुकड्यांमुळे. त्यातले पहिले जनुकीय अंश १९९७ मध्ये वाचले गेले. आयर्लंडमध्ये १८४५पासून बटाट्याचं पीक नासवणाऱ्या रोगकारकाचा नेमका वाण २०१३ मध्ये ठरवता आला, कारण रोगट बटाट्याची पानं कुणीतरी तेव्हा दाबून वाळवून ठेवली होती. हर्बेरियममधल्या, म्हणजे वाळक्या वनस्पतींच्या संग्रहातल्या, जुन्या पानांवरची रंध्रं (हवा आत-बाहेर करणारी सूक्ष्म छिद्रं) मोजून १९८७ मध्ये दाखवलं गेलं की दोनशे वर्षांत, हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढत गेला तशी पानांवरच्या रंध्रांची दाटी सुमारे ४० टक्क्यांनी घटली. स्टॅन्ली मिलरने १९५०च्या दशकात ‘आदिम वातावरणा’त विजेच्या ठिणग्या पाडून अमिनो आम्लं तयार केली होती. त्या प्रयोगांच्या जपलेल्या कुप्या त्याच्या मृत्यूनंतर नव्या उपकरणांनी तपासल्या, तर एका प्रयोगात त्याला दिसली होती त्याहून कितीतरी जास्त, बावीस अमिनो आम्लं निघाली. ते २००८ मध्ये प्रसिद्ध झालं. कुपीच्या तळाशी उरलेला तो वाळका थर धुऊन कुपी पुन्हा वापरावी, असं कुणाही काटकसरी प्रयोगशाळा-सहायकाला वाटलं असतं.

फोटोंच्या बाजूनेही एक सांगायला हवं. २०१७ मध्ये शिकागोतल्या दोन संशोधकांनी तेराशेहून अधिक जुन्या पक्षी-नमुन्यांच्या पोटाकडच्या पिसांचे फोटो काढले आणि पिसांवरच्या काजळीवरून अमेरिकेतल्या औद्योगिक पट्ट्यातलं १३५ वर्षांचं कोळशाचं प्रदूषण मोजलं. म्हणजे काम फोटोंवरच झालं. पण सगळे पक्षी एकाच प्रकाशात, एकाच कॅमेऱ्याने टिपले म्हणून झालं. वेगवेगळ्या काळातले, वेगवेगळ्या उजेडातले फोटो जमवून करड्या रंगाच्या छटा ताडून पाहायला गेले असते तर हाती काही लागलं नसतं.

आता लेबलाकडे येतो, कारण तुमच्या कपाटांचा निकाल तिथेच लागणार आहे.

संशोधनासाठी तयार केलेली पक्ष्याची कातडी तुम्ही हातात घेतली असेल तर माहीत असेल: पक्षी उताणा, पंख अंगाशी मिटलेले, डोळ्यांच्या जागी कापूस, पाय एकमेकांवर, आणि पायांना दोऱ्याने बांधलेली बोटभर चिठ्ठी. चिठ्ठीवर जागा, तारीख, पकडणाऱ्याचं नाव, नर की मादी, कधीकधी वजन, चोचीचा आणि डोळ्यांचा जिवंतपणीचा रंग, कारण मेल्यावर तो उडतो. आणि एक क्रमांक. या क्रमांकाचा धागा पकडणाऱ्याच्या रोजवहीत जातो. तिथे त्या दिवशीचं हवामान असतं, पक्षी कुठल्या झाडावर होता ते असतं, पोटात काय निघालं ते असतं. कातडी, चिठ्ठी आणि वही मिळून एक नमुना होतो. यातली चिठ्ठी गेली की उरते ती शोभेची वस्तू.

डार्विनसारख्या माणसालाही हे भोवलं. गालापागोसवर असताना त्याने आपल्या फिंच पक्ष्यांवर कोणता कुठल्या बेटावरचा हे नीट लिहून ठेवलं नव्हतं. १८३७ मध्ये लंडनमध्ये पक्षितज्ज्ञ जॉन गूल्डने पक्षी बघून या वेगवेगळ्या पण जवळच्या नात्यातल्या जाती आहेत असं सांगितलं, तेव्हा बेटं ठरवायला डार्विनला कप्तान फिट्झरॉय आणि जहाजावरच्या इतरांच्या नमुन्यांवर विसंबावं लागलं. त्यांनी बेटांची नावं टाकली होती.

चिठ्ठी नसणं वाईट, पण खोटी चिठ्ठी त्याहून वाईट. रानपिंगळा हा पक्षी १८७३ मध्ये विज्ञानाला माहीत झाला, १८८४ नंतर त्याचा खात्रीचा नमुना नव्हता. अपवाद एकच: रिचर्ड मेनर्ट्झहागेन या इंग्रज अधिकाऱ्याच्या संग्रहातला, चिठ्ठीवर १९१४ आणि गुजरातमधलं मांडवी. या एका चिठ्ठीमुळे शोध भलत्या दिशेला जात राहिला. पुढे पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी त्या संग्रहाची झाडाझडती घेतली, तेव्हा उघड झालं की या गृहस्थाने दुसऱ्यांचे नमुने संग्रहालयांतून लांबवून, पुन्हा भरून, त्यांवर आपल्या चिठ्ठ्या चढवल्या होत्या. तो रानपिंगळा मुळात जेम्स डेव्हिडसन या संग्राहकाने १८८०च्या दशकात गोळा केलेला होता. हे कशावरून? प्रत्येक कातडी काढणाऱ्याचा हात वेगळा असतो. टाका कसा घालतो, कापूस कसा कोंबतो, कुठलं हाड ठेवतो आणि कुठलं काढतो, हे अक्षरासारखं ओळखता येतं, आणि दुसऱ्यांदा भरलं तरी पहिल्या हाताच्या खुणा राहतात. खोटी नोंद बाजूला सारून खऱ्या चिठ्ठ्यांवरच्या जागांकडे वळल्यावर नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ जिवंत रानपिंगळा दिसला. शंभरावर वर्षांनी. मला यात गंमत वाटते ती अशी की लबाडी पकडली गेली तीही वस्तू शिल्लक होती म्हणून. नुसती यादी आणि फोटो असते तर त्या खोट्या नोंदीला कुणी हात लावू शकलं नसतं.

म्हणून तुमच्याकडे पहिलं काम साफसफाईचं नाही. कपाट उघडलं की हात शिवशिवतात: धूळ झटकावी, मळकी चिठ्ठी फेकून छापील चिकटवावी, फुटक्या बरणीतलं चांगल्या बरणीत घालावं. यातलं काहीही करू नका. आधी प्रत्येक खणाचा, फळीचा जसा आहे तसा फोटो घ्या. एकाच खणात शेजारी-शेजारी ठेवलेल्या वस्तू बहुधा एकाच खेपेतल्या असतात, आणि चिठ्ठी नसलेल्याचा पत्ता कधीकधी शेजाऱ्यावरून लागतो. मग प्रत्येक नमुन्याला नवा क्रमांक द्या, पण जुनी चिठ्ठी, जुना आकडा, बरणीवरचं अर्धवट पुसलेलं अक्षर, काहीही काढू नका. नाव चुकलेलं असलं तरी जुनं नाव तसंच ठेवून खाली नवीन चिठ्ठी जोडायची, त्यावर नाव ठरवणाऱ्याचं नाव आणि वर्ष. चांगल्या हर्बेरियमच्या पानावर अशा तीन-चार चिठ्ठ्या एकाखाली एक असतात. बरणीतल्या नमुन्याची चिठ्ठी आत, द्रवात असायला हवी. बाहेर चिकटवलेली एक दिवस गळून पडतेच. आत टाकायची चिठ्ठी जाड सुती कागदाची, पेन्सिलने किंवा पक्क्या काळ्या शाईने लिहिलेली. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळून जाते आणि वर्षभरात कोरा कागद तरंगताना दिसतो.

आणि वह्या शोधा. निवृत्त प्राध्यापकांच्या कपाटात, ग्रंथालयाच्या माळ्यावर, जमाखर्चाच्या दप्तरात. नोंदवही सापडली तर अर्ध्या मुक्या नमुन्यांना वाचा फुटते. कपाटांपेक्षा मी वह्यांसाठी आधी धावेन.

दुसरी गोष्ट टाइप नमुन्यांची. नव्या जातीचं नाव जाहीर होतं तेव्हा एक विशिष्ट नमुना त्या नावाशी कायमचा बांधला जातो. पुढे वाद झाला की हे नाव नेमकं कुणाचं, तर शब्दांतल्या वर्णनापेक्षा त्या नमुन्याचा शब्द अखेरचा. प्राणी-वनस्पतींना दोन शब्दांची शास्त्रीय नावं देण्याची रीत रुजवणाऱ्या लिनियसचा संग्रह त्याच्या मृत्यूनंतर १७८४ मध्ये जेम्स एडवर्ड स्मिथ या तरुण इंग्रजाला विकला गेला आणि आजही लंडनमध्ये त्या वनस्पती, कीटक आणि शिंपले बघून नावांचे तंटे सुटतात. तुमच्या विभागातल्या कुणी कधी एखादी जात नव्याने वर्णिली असेल, तर तिचा टाइप तुमच्याच कपाटात असू शकतो. अनेकदा चिठ्ठीवर लाल खूण किंवा ‘होलोटाइप’, ‘पॅराटाइप’ असं लिहिलेलं असतं, पण ते नसलं तरी जुने शोधनिबंध तपासा. असा नमुना विभागात ठेवू नये, हे माझं ठाम मत. तो मोठ्या, कायम चालणाऱ्या संग्रहात जायला हवा.

नाव नसलेलेही टाकू नका. सापडलेल्या नमुन्याला नव्या जातीचं नाव मिळेपर्यंत सरासरी २१ वर्षं जातात, असा हिशोब २०१२ मध्ये मांडला गेला आहे. ओलिंगिटो नावाचा अँडीजमधला सस्तन प्राणी २०१३ मध्ये जाहीर झाला. त्याची कातडी आणि कवट्या संग्रहालयांच्या खणांत भलत्या नावाखाली अनेक दशकं होत्या. एक मादी तर १९६०-७०च्या दशकांत अमेरिकेतल्या प्राणिसंग्रहालयांत फिरवली जात होती, आणि तिला ज्या प्राण्यांसोबत ठेवत त्यांच्याशी तिचं जुळतच नव्हतं. जुळणार कसं, जातच वेगळी!

हात लावण्याआधी सावधगिरीचं सांगतो, कारण हे कुणी सांगत नाही. जुन्या कातड्यांना आतून आर्सेनिकचा साबण चोळलेला असतो, जुन्या वनस्पती-पानांवर मर्क्युरिक क्लोराइड फासलेलं असतं. दोन्ही विषं शंभर वर्षांनीही विषंच असतात. हातमोजे, मास्क, खिडक्या उघड्या, आणि त्या टेबलावर चहा-खाणं नाही. फॉर्मॅलिनच्या बरण्या बंद खोलीत उघडू नयेत. खनिजांमध्ये युरेनियमची असली तर ती वेगळ्या, हवेशीर जागी. उपकरणांत पारा आणि जुन्या चमकत्या तबकड्यांवर रेडियम असू शकतं. डांबरगोळ्यांचा उग्र वास म्हणजे संग्रह सुरक्षित आहे, असा समज असतो. तो वास तुमच्या फुप्फुसांना कीटकांपेक्षा जास्त त्रास देतो.

जपणुकीचा बराच भाग म्हणजे कीटक आणि दमट हवा यांच्याशी सामना. कातडी, पिसं आणि टाचलेले कीटक खाणाऱ्या बारीक भुंगेऱ्यांच्या केसाळ अळ्या महिन्याभरात एका खणाचा भुगा करतात. टाचणीखाली तपकिरी पूड दिसली की समजावं. औषधं फवारण्याऐवजी आता गोठवतात: वस्तू प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करून उणे ३० अंशाला तीन दिवस, आणि साधा फ्रीजर उणे २०चाच असेल तर किमान आठवडा-दोन आठवडे. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही. आतली वस्तू खोलीइतकी उबदार होईपर्यंत थांबायचं, नाहीतर तिच्यावर पाणी जमतं. लाकडी कपाटांचं, विशेषतः ओकच्या, वेगळंच दुखणं आहे. लाकडातून आम्लाची वाफ निघते आणि शिंपले, अंडी यांच्यावर पांढरी पीठासारखी भुकटी धरते. ती बुरशी वाटते, पण ते कवचच विरघळत असतं. पायराइट (लोह आणि गंधकाचं खनिज) असलेले जीवाश्म ओलसर हवेत आतून फुलून फुटतात, त्यांना कोरडी डबी हवी.

बरण्यांबद्दल एकच चूक वारंवार दिसते: पातळी खाली गेली की पाणी किंवा आहे त्याच ताकदीचं अल्कोहोल ओतणं. उडून जातं ते मुख्यतः अल्कोहोल, पाणी मागे राहतं, म्हणजे आतला द्रव आधीच पांचट झालेला असतो. आधी ताकद मोजा, मग ७० टक्क्यांवर येईल असं भरा. आणि बरणीत फॉर्मॅलिन आहे की अल्कोहोल हे न कळता दोन्ही मिसळू नका. फॉर्मॅलिनमध्ये राहिलेल्या नमुन्यातून डीएनए काढणं फार जिकिरीचं असतं, म्हणून नवा नमुना घेताना स्नायूचा छोटा तुकडा आधीच ९५ टक्के अल्कोहोलमध्ये वेगळा ठेवतात.

मानवनिर्मित जुन्या वस्तूंना हेच तत्त्व लागू आहे, फक्त मोह जास्त असतो. पितळी उपकरण ब्रासोने चकचकीत केलं की बनवणाऱ्याच्या कानशीच्या खुणा, दुरुस्तीचे डाग, कोरलेले बारीक आकडे झिजतात. मातीचं जुनं भांडं घासून धुतलं की त्याच्या भिंतीत मुरलेली चरबी, जिच्यावरून त्यात दूध शिजत होतं की मासे हे कळू शकतं, ती जाऊ शकते. १९०१ मध्ये समुद्रतळातून वर आलेला अँटिकिथेराचा गंजका कांस्यगोळा, म्हणजे दातेरी चाकांचं प्राचीन ग्रीक यंत्र, कुणी ‘स्वच्छ’ करून खरवडला असता, तर २००५ मध्ये क्ष-किरणांच्या त्रिमितीय चित्रणातून त्याच्या पोटातली अक्षरं वाचायला उरलीच नसती. मला यातलं सगळ्यात आवडतं काम चर्मपत्रांवरचं आहे. संरक्षक मंडळी जुनी हस्तलिखितं पूर्वीपासून खोडरबराने हलकेच पुसतात. त्या पुसण्यातून पडणारा चुरा केरात जायचा. संशोधकांच्या लक्षात आलं की रबर घासताना चर्मपत्रातली प्रथिनं चुऱ्याला चिकटून येतात. तेव्हापासून तो चुरा कुपीत गोळा करून, पानाला ओरखडाही न काढता, ते कातडं वासराचं, शेळीचं की मेंढीचं हे ठरवतात. २०१५ मध्ये याच रीतीने तेराव्या शतकातल्या अतिशय पातळ चर्मपत्रांचा छडा लागला. ती अमुकच प्राण्याच्या न जन्मलेल्या पिल्लाची असतात हा जुना समज त्यात टिकला नाही.

यातून पुढचा प्रश्न येतो: कुणी तुमच्या नमुन्याचा तुकडा मागितला तर? द्यावा, पण लेखी विनंती घेऊन. काय कापणार, किती, उरलेलं कुठे जाणार, निष्कर्ष आणि जनुकीय माहितीसोबत तुमचा नमुना-क्रमांक छापणार की नाही. क्वागा या नामशेष झालेल्या झेब्र्याच्या सुमारे १४० वर्षं जुन्या कातड्याला चिकटलेल्या वाळक्या स्नायूतून १९८४ मध्ये डीएनए वाचला गेला, तेव्हा लागलेला तुकडा आजच्या मानाने मोठा होता. थांबल्याने कमी लागतं, हे ओळखून चंद्रावरून आणलेल्या ३८२ किलो दगड-मातीपैकी काही भाग मुद्दाम न उघडता ठेवला गेला. अपोलो १७ने १९७२ मध्ये चंद्रावरच निर्वात सीलबंद केलेली नळी २०२२ मध्ये उघडली.

टाकायचं काय, हे अजून सांगितलं नाही. ना चिठ्ठी, ना वही, ना शेजाऱ्यांवरून काही सुगावा, आणि जात सर्वसाधारण, असे नमुने संशोधन-संग्रहातून काढायला माझी हरकत नाही. ते शिकवायला वापरा. विद्यार्थ्यांच्या हाताळणीत झिजले तरी चालतील. बुरशीने गिळलेले, ओळखण्यापलीकडे गेलेले टाकता येतात, मात्र आर्सेनिक आणि फॉर्मॅलिन लक्षात घेऊन घातक कचरा म्हणून. काढलेल्या प्रत्येकाची नोंद वहीत राहू द्या: काय काढलं, का, कुणाच्या सहीने, कुठे गेलं. मानवी हाडं मात्र या यादीत येत नाहीत. शिकवण्याच्या सांगाड्यांमागे कुणाची संमती नसते असं बहुतेक वेळा आढळतं. ती गुपचूप फेकणं किंवा विकणं दोन्ही अयोग्य, संस्थेच्या नैतिकता समितीपुढेच तो विषय न्यावा. संरक्षित प्राण्यांची कातडी, शिंगं, हस्तिदंत यांनाही कायदा लागतो, नमुना कितीही जुना असो. सीमेपलीकडे पाठवताना साइट्स करार (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराबद्दलचा) आणि, जनुकीय साधनांच्या बाबतीत, २०१४ मध्ये अमलात आलेला नागोया प्रोटोकॉल बघावा लागतो. कागदपत्रांचा कंटाळा करू नका. २०१७ मध्ये पॅरिसहून ब्रिस्बेनला अभ्यासासाठी पाठवलेले १०५ जुने वनस्पती-नमुने, त्यांत टाइपही होते, कागदांत त्रुटी राहिल्या म्हणून ऑस्ट्रेलियाच्या जैवसुरक्षा यंत्रणेने जाळून टाकले.

मग फोटो आणि यादी कशासाठी? दोन कामांसाठी, आणि दोन्ही मोठी आहेत. एक, शोध लागण्यासाठी. जगातल्या ७३ मोठ्या संग्रहालयांनी २८ देशांतून एकत्र केलेल्या मोजणीत ११० कोटींहून अधिक वस्तू निघाल्या आणि त्यांतल्या बहुतेकांची माहिती ऑनलाइन नाही. यादीत नसलेला नमुना असून नसल्यासारखा. दोन, नाश झाला तर काहीतरी उरण्यासाठी. स्पायनोसॉरस या डायनासोरचा पहिला सांगाडा एप्रिल १९४४ मध्ये म्युनिकवरच्या बॉम्बहल्ल्यात गेला. जर्मन जीवाश्मतज्ज्ञ अर्न्स्ट श्ट्रोमरची तपशीलवार वर्णनं आणि चित्रं होती, म्हणून त्यावर पुढची साठ-सत्तर वर्षं काम करता आलं. रिओ द जानेरोचं राष्ट्रीय संग्रहालय २ सप्टेंबर २०१८च्या रात्री जळालं तेव्हा जे आधी स्कॅन झालं होतं त्याची निदान प्रतिकृती करता आली.

तेव्हा कामाला असं लागा. खणांचे फोटो, साधी यादी (क्रमांक, चिठ्ठीवर जसं आहे तसं, शुद्धलेखन न सुधारता), वह्यांचा शोध. हे दोन विद्यार्थी आणि एक जाणता माणूस एका सत्रात बरंचसं उरकतात. मग ती यादी आणि टाइप असण्याची शक्यता असलेल्यांचे फोटो जोडून, जवळच्या मोठ्या संग्रहालयाच्या किंवा हर्बेरियमच्या संग्रहपालाला पत्र लिहा. ‘आमच्याकडे जुन्या वस्तू आहेत, हव्यात का?’ असं विचारलं तर उत्तर येणार नाही. ‘अमुक भागातले, या सालांपासून त्या सालांपर्यंतचे, इतके नमुने, पैकी इतक्यांना जागा आणि तारीख आहे, नोंदवही उपलब्ध’ असं लिहा, म्हणजे माणूस बघायला येतो. तो येईपर्यंत जागा रिकामी करावीच लागली, तर खण कपाटातून बाहेर काढून आडवेच न्या, बरण्या खोक्यात उभ्या ठेवा, आणि कुठल्या खणातलं काय कुठे ठेवलं हे त्याच दिवशी वहीत लिहा.